बधिर बोटे ही ‘नस मोकळी होण्याची’ खूण नव्हे

‘सायकल चालवणाऱ्यांनी जरूर वाचावे’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या नागपुरातील सायकल ग्रुपांवर फिरतो आहे. हात, खांदे आणि पाठीच्या दुखण्यावर त्यात सहा उपाय सांगितले आहेत: बोटे बधिर झाली तरी थांबू नये, कारण ती नस मोकळी होण्याची खूण आहे; सीट इतकी खाली घ्यावी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील; सीटचे टोक खाली झुकवावे; कोपरे ताठ ठेवावेत; टायरमध्ये ठासून हवा भरावी; आणि कमरेला पट्टा बांधावा. अशा संदेशांना उत्तरे देत बसण्याची मला हौस नाही. परंतु निवृत्तीनंतर सकाळी अंबाझरीकडे सायकलने जाऊ लागलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी हे सहाही उपाय श्रद्धेने अमलात आणले आणि आता शर्टाची बटणे लावताना त्यांची बोटे साथ देत नाहीत, तेव्हा गप्प राहणे शक्य नाही.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देणारी अल्नार नस तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने, एका अरुंद मार्गातून जाते आणि तिथे तिच्यावर स्नायूंची जाड गादी नसते. मनगट मागे मोडून शरीराचा भार नेमका त्याच जागी हँडलवर टाकला की नस दबते. ती मोकळी होत नाही, गुदमरते. ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० किलोमीटरच्या सायकलफेरीआधी आणि नंतर २५ सायकलस्वारांचे हात तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी २३ जणांमध्ये बधिरपणा, स्नायूंचा अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले. त्यावर संशोधकांनी सुचवलेले उपाय साधे आहेत: ग्लोव्हज घाला, सायकल अंगाच्या मापाने बसवून घ्या आणि हातांची जागा वारंवार बदला. ‘सहन करा’ असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही.

दादांच्या सायकलचे ब्रेक लिव्हर जमिनीला समांतर बसवलेले होते, त्यामुळे ब्रेकवर बोटे ठेवली की मनगट आपोआप मागे मोडत असे. ॲलन कीने, म्हणजे षटकोनी टोकाच्या चावीने, स्क्रू सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवले, तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत आला. एवढ्याशा कामासाठी कुणाच्या फॉरवर्डची गरज नव्हती. अंगठा आणि तर्जनीची कड यांत धरलेला कागद दुसऱ्याने ओढल्यावर सहज निसटत असेल, किंवा सायकलवरून उतरल्यावरही बोटांचा बधिरपणा जात नसेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.

सीटचे टोक झुकवण्याचा सल्ला तर दुखणे विकत घेण्याचाच आहे. टोक खाली गेले की शरीर पुढे घसरते, ते थोपवण्यासाठी हात सतत हँडलला रेटत राहतात आणि तो ताण मनगटांतून खांद्यांत व मानेत चढतो. ज्यांना टोकाचा जाच होतो त्यांना एक-दोन अंशांचा उतार मानवतो, हे मान्य. पण सुरुवात सपाट सीटपासूनच करावी. त्यात कोपरेही ताठ ठेवली, तर आपल्या सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर बसणारा हादरा थेट खांद्यापर्यंत पोहोचतो. कोपरे किंचित वाकलेली असली की तोच हादरा हातांतच जिरतो.

सीटच्या उंचीबाबत संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. सीट फार उंच असेल तर पेडल खाली नेताना कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि पाठ खरोखरच दुखते. त्यावर उपाय मात्र दोन्ही पाय टेकण्याचा नव्हे, कारण इतक्या खाली बसल्यावर गुडघे पोटाकडे येतात, पाठीला बाक येतो आणि गुडघ्यांवरचा ताणही वाढतो. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर थांबायचे असेल, तर सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा.

टायरवर छापलेला हवेचा आकडा ही बहुधा कमाल मर्यादा असते. तिथपर्यंत हवा भरली की प्रत्येक खडा हाताला जाणवतो. राहिला पट्टा. हँडल फार दूर असल्यामुळे पाठ ताणली जात असेल, तर पट्ट्याने ते अंतर कमी होत नाही. त्यासाठी आखूड स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, बसवावा लागतो, आणि तो सायकलच्या चांगल्या दुकानात बदलून मिळतो.