निशिगंध तिसऱ्या दिवशी का कुजला

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. माझ्या लेखात सांगितल्याप्रमाणे तुम्ही आईच्या वर्षश्राद्धासाठी आणलेल्या निशिगंधाच्या सहा काड्या साखरेच्या पाण्यात ठेवल्यात, आणि तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला, देठ बुळबुळीत झाले. ‘आजी पितळी नाहीतर तांब्याच्या तांब्यात नुसत्या पाण्यात ठेवायची, आठवडाभर टिकायच्या. मग हे उपद्व्याप कशाला?’ असं तुम्ही विचारलंत.

चूक माझी आहे. साखर घाला एवढंच मी लिहिलं, तिच्या जोडीला काय लागतं ते लिहायचं राहून गेलं. काडी झाडापासून तुटली की तिचं अन्न थांबतं. टोकाकडच्या कळ्या उमलायला लागणारं बळ साखरेतून मिळतं. पण त्याच साखरेवर पाण्यातले जंतूही पोसतात, देठातल्या बारीक नळ्यांत साचतात आणि पाणी वर चढू देत नाहीत. भांडं भरलेलं आणि फूल तहानलेलं.

साखर घालायची तर एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि शेवटी पाव चमचा कपड्यांचं साधं, सुगंध न घातलेलं पातळ ब्लीच. लिंबू आणि ब्लीच पाण्याशिवाय एकत्र करू नका, विषारी वायू होतो. आणि हे मिश्रण काचेच्या भांड्यातच.

आता आजी. ती रोज सकाळी पूजेआधी तांब्या चिंचेनं घासून नवं पाणी भरायची, हेही तुम्हीच लिहिलंय. तांब्यामुळे जंतूंना आळा बसतो हे खरंच, पण माझ्या मते मोठं काम त्या रोजच्या घासण्यानं आणि ताज्या पाण्यानं केलं. रोज एवढं होणार असेल तर साखर नाही घातली तरी चालेल.

काडी कापायची रीतही मी घाईत उरकली होती. बादलीत देठ बुडवा आणि पाण्याखालीच इंचभर तिरका कापा, धारदार सुरीनं. बोथट कात्रीनं नळ्या चेपतात. कापताना टोकाशी कधीकधी बारीक बुडबुडा सुटताना दिसतो. बाजारातून घरी येईस्तोवर देठात शिरलेली हवा ती. दर दोन दिवसांनी पुन्हा कापा, खालची सुकलेली फुलं खुडत जा. जरबेराला मात्र दोन-तीन बोटं पाणी पुरे, त्याचा लवदार देठ खोल पाण्यात लवकर कुजतो.

केळ्यांचा फणा शेजारीच होता म्हणालात, तो हलवा. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, त्यानं बरीच फुलं लवकर कोमेजतात.

मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. आईच्या फोटोपुढची फुलं माझ्या अर्धवट लिहिण्यानं गेली, याचं मनापासून वाईट वाटतं. पुढच्या वेळी खालची दोन-तीनच फुलं उमललेल्या, वर घट्ट कळ्या असलेल्या काड्या निवडून घ्या, आणि कशा राहिल्या ते मला जरूर कळवा.