बेळगावी मराठी मोबाईलला कळत नाही म्हणे!

गेले महिनाभर आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. "मोबाईल दिवसभर आपलं बोलणं ऐकतो, म्हणून बोललेल्या वस्तूची लगेच जाहिरात येते. कंपन्यांना हिंदी, इंग्रजी, पुणेरी मराठी कळते. आपली कानडी मिसळलेली बेळगावी कळत नाही. घरात बेळगावीतच बोला आणि माईकची परवानगी काढून टाका. मग काळजी नको." खानापूरच्या काकीनं तो मला वेगळा पाठवला, सोबत पुरावाही जोडला: "मिक्सर जळला म्हणून आम्ही चुलीपाशी बोलत होतो, दुसऱ्या दिवशी मोबाईलवर मिक्सरच मिक्सर! ऐकायलाय की रे तो!"

काकीचा हा पुरावा संदेशाच्याच मुळावर येतो. ती काही पुणेरीत बोलली नव्हती. फोननं ऐकलं असेल तर त्याला बेळगावी कळते, आणि कळत नसेल तर मिक्सर दुसऱ्याच वाटेनं आला. दोन्ही एकदम खरं नाही.

आधी "दिवसभर ऐकतो" हे पाहू. आवाज भरपूर आवळून सेकंदाला १६ किलोबिट धरला, तरी २४ तासांचे १७० एमबीच्या वर जातात. रोजच्या पॅकमधून एवढं गेलं तर हिशेबात दिसतं. जांबोटी-कणकुंबीकडं एक फोन लागावा म्हणून अंगणाचा नेमका कोपरा गाठावा लागतो, तिथून तर बोलायलाच नको. यावर कुणी म्हणेल, फोन आतल्या आत शब्द ओळखून नुसती यादी पाठवत असेल. तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं आहे. आवाजच चोरून जातो का, हे मात्र लोकांनी तपासलंय. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. चोरून माईक चालू करून आवाज पाठवणारं एकही ॲप त्यांना मिळालं नाही. मात्र काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं टिपून तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. शोधायला गेले कान आणि हाती लागला डोळा.

मग मिक्सर कुठून आला? विचारल्यावर कळलं, चुलतभावानं त्याच रात्री घरच्या वायफायवर तीन-चार मिक्सरच्या किमती पाहिल्या होत्या. एका वायफायवरचे फोन एका घरचे, एवढं जाहिरातवाल्यांना पुरतं.

संदेश लिहिणाऱ्याला अगदीच वेड्यात काढू नये. माईकशी खेळ झालेले आहेत. सिल्व्हरपुश या भारतीय कंपनीचं तंत्र असं होतं की टीव्हीवरच्या जाहिरातीत माणसाच्या कानाला न जाणवणारा ध्वनी सोडायचा आणि फोनमधल्या ॲपनं तो टिपायचा. म्हणजे कोण कुठली जाहिरात पाहतंय ते कळलं. त्या तंत्राचा कोड ॲपमध्ये ठेवणाऱ्या १२ जणांना अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१६ मध्ये ताकीद दिली. पण तिथं ऐकला जात होता टीव्ही, काकी-शेजारणीचं बोलणं नव्हे.

आता बेळगावीचा मुद्दा, माझ्या आवडीचा. गुगलनं २०१७ मध्ये बोलून टाइप करायच्या सोयीत मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वेळी घेतल्या. "करायलोय", "जायलोय" म्हटलं की यंत्र अडखळतं, खरं आहे. माझ्या "बरं की ओ"चं त्यानं काय काय केलंय ते इथं सांगण्यासारखं नाही. पण माल विकणाऱ्याला क्रियापद कशाला हवं? मिक्सर, फ्रिज, सोफा, लोन हे शब्द निपाणीत, पुण्यात आणि धारवाडात सारखेच. बोलीचं कवच नेमकं तिथंच फाटकं, जिथं बाजार सुरू होतो.

शिवाय आपली भाषा ओळखायला त्यांना कानाची गरजही नाही. कीबोर्ड मराठी, बघितले जाणारे व्हिडिओ मराठी, ठिकाण कर्नाटक. म्हणून तर चिकोडीत एकाच फोनवर एक जाहिरात कानडीत येते आणि दुसरी मराठीत. सीमाभागातली मराठी बोलणारी गावं कुठल्या राज्यात असावीत यावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे; जाहिरातवाल्यांनी त्यांच्यापुरता तो कधीच निकाली काढलाय.

राहिली माईकची परवानगी. जिथं गरज नाही तिथून जरूर काढा. टॉर्चच्या ॲपला माईक कशाला? पण आवाज जातो तो बहुतेक आपण स्वतः बटण दाबून दिलेला, किंवा फोनमधल्या सहायकाला ("ओके गुगल" अशी हाक मारली की ऐकू लागतो तो) चुकून हाक ऐकू आली म्हणून. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीला गुगल सहायकानं टिपलेले हजारावर आवाजाचे तुकडे मिळाले. यंत्र सुधारावं म्हणून कंत्राटी माणसं ते ऐकत होती, आणि त्यातल्या १५३ तुकड्यांत कुणी हाक मारलेलीच नव्हती. ॲपलच्या सिरी या सहायकाबद्दलच्या अशाच तक्रारीच्या दाव्यात कंपनीनं, दोष कबूल न करता, ९.५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. तेव्हा माईकबरोबर गुगलच्या खात्यात साठलेल्या आवाजाच्या नोंदीही पुसायला हव्यात. संदेशात त्याचा उल्लेखच नाही.

आणि दहा आकड्यांचं काय? दुकानात बिल करताना आपण मोबाईल नंबर खडाखडा सांगतो. दुकान अशा नंबरांची यादी फेसबुक-गुगलसारख्या जाहिरातीच्या मंचावर चढवू शकतं, मंच ती आपल्या खातेदारांशी जुळवतो, आणि माईक बंद असला तरी जाहिरात बरोबर आपल्या दारात. नंबरासाठी अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे.

हे सगळं काकीला सांगितलं. गेल्या आठवड्यात ती बेळगावात नवा मिक्सर घ्यायला गेली, माईक बंद करून. काउंटरवरच्या पोरानं नंबर मागितला. काकी म्हणाली, "नंबर नाही देत, नुसतं बिल दे बघू."

"नंबराशिवाय बिल निघत नाही ओ काकी."

"मग मिक्सर पण ऱ्हाऊ दे."

पोरानं तिच्याकडं एकदा पाहिलं, दहा वेळा नऊ दाबला, आणि बिल निघालं.