कावळ्याचंच आहे ना

हे लिहू की नको असं दोन वर्षं चालू होतं मनात, कारण यात चूक माझी आहे आणि ती साधीसुधी नाही. पण आज सकाळी आमच्या गल्लीत पुन्हा झाडं छाटणारी माणसं आली, दोर, कोयते, करवती घेऊन, आणि मी हातातला चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवून अनवाणी फाटकापर्यंत धावत गेले. म्हणून आता लिहूनच टाकते.

आमच्या घरासमोर निंबाचं झाड आहे, बाबांनी लावलेलं. त्याची एक फांदी खांबावरून घरात येणाऱ्या वायरीला घासत होती, जरा वादळ आलं की ठिणग्या उडायच्या आणि लाइट जायची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस लागायच्या दोन-तीन दिवस आधी, मी दोन माणसं बोलावली. त्यातला एक वर चढला आणि तिथूनच ओरडला, "ताई, इथं घरटं हाये." मी खालून विचारलं, कशाचं? तो म्हणे, कावळ्याचं. आणि मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "कावळ्याचंच आहे ना, मग काढून टाका."

त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या बोगनवेलीला शिंजीराने घरटं टांगलं होतं, तर घरातल्या सगळ्यांनी वीस-बावीस दिवस पुढचं दार बंद ठेवून मागच्या दाराने ये-जा केली होती, आलेल्या पाहुण्यांनाही मागून यायला लावलं होतं. मी त्याचे फोटो टाकले होते, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लाइक केले होते. तीच मी.

घरटं खाली पडलं ते फरशीवर टणकन वाजलं. कारण त्यात काड्या कमी आणि तारा जास्त होत्या, बाजूला बांधकाम चालू होतं तिथली लोखंडी बाइंडिंग तार, कुठल्यातरी हँगरचा तुकडा, आणि हे सगळं इतकं नीट वळवून एकमेकात अडकवलेलं की हाताने सुटेना. मध्ये नारळाच्या शेंड्यांची मऊ वाटी. चार अंडी होती, फिकट निळसर हिरवी, वर तपकिरी ठिपके, चारही फुटली. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जरा लहान होतं. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याशी मिळतंजुळतं असतं पण थोडं लहान असतं, हे मला नंतर कळलं. ते कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. कारण त्या मे महिन्यात पहाटे चार-साडेचारपासून कोकिळ ओरडायचा आणि मी गच्चीवर झोपल्या झोपल्या ऐकत राहायची, किती गोड किती गोड म्हणत. कोकिळेला तर स्वतःचं घरटंच नसतं, तिची पिल्लं कावळाच भरवून मोठी करतो. तो आवाज आवडत असेल तर ते तारांचं घरटंही सांभाळावं लागतं, एवढी साधी गोष्ट पंचेचाळीस वर्षांच्या बाईला कळू नये?

आता कावळ्यांचं सांगते. दोघंही वायरीवर बसले होते. फांदी कापेपर्यंत दोघांनी आकाश डोक्यावर घेतलं होतं, पण घरटं पडल्यावर एकदम चूप. मान वाकडी करून एका डोळ्याने खाली पाहत होते. त्या माणसाकडे नाही, झाडाकडे नाही, माझ्याकडे. मी फरशी धुवेपर्यंत पाहत होते. मला तेव्हा अंगावर काटा आला होता पण मी स्वतःला समजावलं की बाई, पक्षी आहेत, उद्या विसरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला फाटक उघडलं आणि मागून डोक्यावर फटका बसला. नखांचा. वळून पाहते तर तो वायरीवर जाऊन बसलेला, आणि ओरडून राहिला, नेहमीचं काव काव नाही, घसा खरवडल्यासारखं, तुटक, कर्कश. दूधवाला तिथंच उभा होता, त्याला काही नाही. आमच्या मावशी भांडी घासायला आल्या, त्यांना काही नाही. आई अंगणात तुळशीला पाणी घालते, तिलाही नाही. मी पाय बाहेर टाकला की सुरू. शेजारच्या काकू म्हणे, "तुलेच काऊन टोचते बाप्पा?" मी काही बोलले नाही.

मी कपडे बदलून पाहिले, छत्री घेऊन पाहिली, वेळ बदलून पाहिली. एक गोष्ट मात्र लक्षात आली. उन्हाळ्यात नागपुरात आपण सगळ्याच बाया कशा निघतो ते माहीतच आहे, तोंडाला दुपट्टा, डोळ्यावर गॉगल, वरून हेल्मेट, सख्खी बहीण सिग्नलवर बाजूला उभी असली तरी ओळखू येत नाही. तशी मी निघाली की एकही कावळा हलायचा नाही. संध्याकाळी ऑफिसमधून यायची, गाडी लावायची, तोवर शांत. दुपट्टा सोडला की वायरीवरून पहिला आवाज. म्हणजे गाडी नाही, कपडे नाही, चाल नाही. ते माझं तोंड ओळखत होते.

मग मी वाचायला लागले. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी हेच तपासून पाहिलंय. २००६ मध्ये त्यांनी आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून कॅम्पसवरचे ७ कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिले, इजा काहीच केली नाही. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही चाललं तरी कावळे अंगावर यायचे, वर टोपी घातली तरी यायचे. तुलनेसाठी दुसरा मुखवटा ठेवला होता, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा, तो घालून फिरणाऱ्यांना फारसा त्रास नाही. पुढे एकदा ते आदिमानव बनून निघाले तर भेटलेल्या ५३ कावळ्यांपैकी ४७ त्यांच्यावर ओरडले. पकडले होते फक्त ७! बाकीच्यांना कुणी सांगितलं? एकमेकांनी. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, आपला राखाडी मानेचा, पण हे वाचताना मला आपलीच गल्ली दिसत होती, कारण तोवर आमच्याकडेही दोनाचे पाच-सहा झाले होते.

सप्टेंबरात पितृपक्ष आला. बाबांची तिथी पंचमीची. आईने पहाटेपासून सगळं केलं, कढी, वडे, खीर, गवारीची भाजी, बाबांना आवडायची म्हणून पातोडीची भाजी वेगळी. दादा पुण्याहून आला होता, आत्या आली होती. कागोर, म्हणजे कावळ्याचं पान, ठेवायला आम्ही सगळे गच्चीवर गेलो, पान माझ्या हातात होतं, मी कठड्यावर ठेवलं आणि हात जोडले. समोर निंबावर, वायरीवर, पाण्याच्या टाकीवर कावळेच कावळे. एक खाली येईना. ओरडतही नव्हते. पाच मिनिटं, दहा, पंधरा, ऊन चढलं, वड्यांवर माशा बसायला लागल्या. आत्याचे डोळे भरले, ती म्हणाली, "त्याची काही इच्छा राह्यली असंल." दादाने बाबांना सांगितलं की आईला मी सांभाळीन, काळजी करू नका. आई नुसती पदर तोंडाला लावून उभी. आणि मला माहीत होतं. सगळ्यांमध्ये एकट्या मला माहीत होतं की बाबांचं काही राहिलं नाहीये.

मी कुणाला काही न सांगता खाली उतरले आणि जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. मी आत गेल्यावर दोन मिनिटंही झाली नसतील. एक टाकीवरून उतरला, कठड्यावर दोन उड्या मारल्या आणि थेट वड्याला चोच. वरून आत्याचा आवाज आला, "शिवला गं बाई, शिवला." सगळे रडत होते, आनंदाने. मी जिन्यात बसून रडत होते. आईला त्या रात्री खरं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, झोप आता. पण मला शापाची भीती कधीच नव्हती, त्यांनी बरोबर ओळखलं होतं याचंच वाईट वाटत होतं.

आपण या पक्ष्याशी वागतो तरी कसं? लहानपणी भरवताना एक घास काऊचा. मेल्यावर त्याने शिवलं नाही तर घरातलं कुणी अन्नाला हात लावत नाही. आणि मधली सगळी वर्षं, अपशकुनी, घाण, हाड हाड. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची यादी होती, उंदीर आणि वटवाघळांसोबत त्यात कावळाही होता, ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत निघाली. कायद्यातून निघाली, आपल्या बोलण्यातून नाही निघाली.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की झाडं छाटायची तर डिसेंबर-जानेवारीत छाटा. पाऊस लागायच्या आधी म्हणून आपण सगळे मे-जूनमध्ये कोयते काढतो आणि नेमकी तीच आपल्याकडे कावळ्यांच्या घरट्यांची वेळ. वायरीकडे पुन्हा वाढलेली फांदी मी गेल्या डिसेंबरात काढून घेतली, झाड रिकामं होतं, अर्ध्या तासाचं काम. आणि अगदी आत्ताच कापावं लागलंच तर चढणाऱ्या माणसाला आधी नीट पाहायला सांगा, आणि तो घरटं आहे म्हणाला तर कशाचं ते विचारू नका. आज सकाळी त्या माणसांना मी तेच सांगितलं, हात जोडून सांगितलं, तर त्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी ऐकलं आणि आमचं निंब सोडून पुढे गेले.

कारण यंदा निंबावर पुन्हा घरटं आहे, यावेळी पलीकडच्या बाजूला, पुन्हा तारांचंच. दोन पिल्लं निघाली. गच्चीवर मी सकोरा भरून ठेवते, ते पितात, पण मी खाली उतरल्यावरच. मागच्या आठवड्यात एक पिल्लू, चोचीच्या आत अजून लालसर, एकटंच सकोऱ्यावर येऊन बसलं आणि मी समोर कपडे वाळत घालत होते. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि उडालं नाही, पाणी पिलं, पुन्हा पाहिलं, मी हातात ओली चादर धरून पुतळ्यासारखी उभी. मग वायरीवरून मोठा कावळा आला तोच घसा खरवडल्यासारखा आवाज काढत, दोनदा, तीनदा. पिल्लू उडून त्याच्या बाजूला जाऊन बसलं.

काल सकाळी मी फाटक उघडलं तेव्हा तेही ओरडलं.