कॅमेऱ्यांसाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा

तासगावच्या माझ्या मावसभावाला द्राक्षबागायतदारांसाठी पॉडकास्ट सुरू करायचाय. परवा त्याने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पतसंस्थेतून दीड लाख उचलतो, कॅमेरे घेऊ.’ तो मेसेज सांगली-मिरजेच्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑडिओ पॉडकास्ट संपला, गुगलने स्वतःचं पॉडकास्ट ॲप बंद केलं हाच त्याचा पुरावा. आता लोक फक्त बघतात. किमान तीन ४के कॅमेरे घ्या. आवाज एआयने साफ होतो, माइकवर पैसे घालवू नका. आरएसएस फीड (नवा भाग सगळ्या पॉडकास्ट ॲप्सपर्यंत आपोआप पोचवणारा इंटरनेटवरचा पत्ता) जुनाट झालं, यूट्यूब पुरे.

यातलं कॅमेऱ्यांचं आणि माइकचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तेच.

कॅमेरा बोलणाऱ्यापासून दीड मीटरवर असतो. माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर, वीतभराच्या आत असायला हवा. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो, दहापट झालं की २० डेसिबलने. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. खाली टाइल्स, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब अशा खोलीत कॅमेऱ्यातला माइक माणसापेक्षा खोलीच जास्त टिपतो. एआय पंख्याची एकसुरी घरघर बऱ्यापैकी काढतो, हे मान्य. पण घुमारा म्हणजे त्याच बोलण्याचा उशिरा परत आलेला भाग. तो काढताना शब्दांच्या कडाही खरवडल्या जातात. द्राक्षाच्या पॉडकास्टमध्ये ‘लिटरला दीड ग्रॅम’ की ‘अडीच ग्रॅम’ हे नीट ऐकू आलं नाही, तर चूक थेट फवारणीच्या पंपात जाते. असा सल्ला देणाऱ्याने याचा विचार केला होता का?

दोन डायनॅमिक माइक (लांबचा आवाज कमी टिपणारे), दोन स्टँड, माइकवर चढवायचे फोम आणि दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, हे सगळं वीस हजारांच्या आत बसतं. माइक तोंडासमोर धरू नका, किंचित बाजूला ठेवा. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसत नाहीत. नेहमीच्या बोलण्यात मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील आणि हसताना उणे ६च्या वर जाणार नाही, एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, ठेवा. पंखा आणि फ्रीज बंद करा, भिंतीला गाद्या उभ्या करा, वाकळी टांगा. घराचं अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉपच्या चार्जरमधून ५० हर्ट्झची घूं शिरते, म्हणून रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरचीही तीच तऱ्हा. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता रिकामी खोली रेकॉर्ड करा. एआयलाच काय, साध्या सॉफ्टवेअरलाही उरलेली घरघर ओळखायला तेवढा नमुना पुरतो. एडिटिंगमध्ये ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. शेवटची पातळी किती ठेवायची यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ॲपलने पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी ती लिहूनच ठेवली आहे: उणे १६ एलकेएफएस (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं माप), एक डेसिबल इकडेतिकडे, आणि आवाजाचं टोक उणे १च्या वर नको. ही पातळी सांभाळली नाही, तर दुसऱ्या पॉडकास्टवरून आपल्याकडे आलेल्याला आवाज वाढवावा लागतो, नाहीतर त्याला कानठळ्या बसतात.

आता तीन कॅमेरे. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की ४के, ३० फ्रेमला मिनिटाला सुमारे १७० एमबी लागतात. म्हणजे तासाला एका कॅमेऱ्याचे १० जीबी, तिघांचे ३०. तोच तास मोनो एमपी३मध्ये ९६ केबीपीएसला ४३ एमबीत मावतो. हे ३० जीबी साठवणार कोण आणि तिन्ही कोन कापत बसणार कोण, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

गुगलने २०२४मध्ये पॉडकास्ट ॲप बंद केलं, हे खरं. पण ऐकणाऱ्यांना पाठवलं कुठे? यूट्यूब म्युझिकवर, म्हणजे ऐकण्याच्याच ॲपवर.

‘लोक फक्त बघतात’ यात अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. पॉडकास्टसाठी महिन्याला १ अब्ज लोक आपल्याकडे येतात, असं यूट्यूबने फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं. नवा श्रोता बहुधा तिथेच सापडेल. पण तो आकडा येणाऱ्या माणसांचा आहे. त्यातल्या कितींचे डोळे स्क्रीनवर होते हे त्यातून कळत नाही. घडांची विरळणी किंवा डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं) चालू असताना हात ओले आणि डोळे घडावर असतात, फोन खिशात. यूट्यूबच्या मूळ ॲपमध्ये प्रीमियमचे पैसे भरले नसतील, तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. डाऊनी या बुरशीरोगाचा तेलकट डाग मात्र शब्दांनी समजत नाही, पानाची खालची बाजू दाखवावीच लागते. त्यासाठी दीड मिनिटाची वेगळी क्लिप करा, तासभराच्या गप्पांचं चित्रीकरण कशाला?

आरएसएस फीडला जुनाट म्हणणाऱ्याला ते काय करतं हेच माहीत नाही. फीड असलं की होस्टिंग (भाग साठवणारी सेवा) बदललं तरी ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे जुन्या पत्त्यावर लावलेल्या ‘इथून तिकडे’ पाटीने, सगळे श्रोते नव्या पत्त्यावर येतात. यूट्यूबचं चॅनेल बंद पडलं, तर सबस्क्राइबर बरोबर नेता येत नाहीत. शिवाय यूट्यूब स्वतः आरएसएस फीड घेतं आणि प्रत्येक भागाला स्थिर चित्र लावून व्हिडिओ बनवतं. यूट्यूब स्टुडिओत प्लेलिस्टला ‘पॉडकास्ट’ म्हणून खूण करा, म्हणजे यूट्यूब म्युझिकवर ते भाग पैसे न भरता स्क्रीन बंद ठेवूनही ऐकता येतात.

चेहरा दाखवायचाच असेल तर हातातला फोन ट्रायपॉडवर लावा, १०८०पी, ३० फ्रेम. सुरुवातीला एक आणि संपताना एक टाळी वाजवा, माइकवर वेगळा घेतलेला आवाज फोनच्या चित्राशी जुळवायला तीच खूण. फोन फ्रेमचा वेग मध्येच बदलतो आणि त्याचं घड्याळ इंटरफेसच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही. दर दहा लाखांत वीसचा फरक असला, तरी तासाभरात आवाज सुमारे ७० मिलिसेकंद सरकतो. आवाज ओठांच्या ४५ मिलिसेकंद आधी आला, तरी बघणाऱ्याला खटकतं. आधी फाइलचा फ्रेम रेट स्थिर करून घ्या, मग पहिली टाळी जुळवा, आणि शेवटची जुळत नसेल तर चित्र तेवढं ताणा, आवाजाला हात लावू नका.