मधला फरक कोण भरणार?

अमेरिकेत घर घेताना विक्रेत्याचं जुनं ३ टक्क्यांचं लोन आपल्या नावावर घेतलं की घर स्वस्तात पडतं, असं या लेखात म्हटलंय म्हणे! अहो पण घर ४ लाख डॉलरचं आणि लोन उरलंय अडीच लाख, तर मधले दीड लाख रोख आणा नाहीतर दुसरं लोन काढा, तेही आजच्या व्याजाने, मग कसली बचत. शिवाय तिथे एफएचए (सरकारी विमा असलेली), व्हीए (आजी-माजी सैनिकांसाठीची) असली सरकारी पाठबळाची लोनं ट्रान्सफर होतात, बाकीच्यांत बहुतेक ड्यू-ऑन-सेलचं कलम असतंच, म्हणजे घर विकलं की बँक उरलेली अख्खी रक्कम एकदम मागू शकते.

आणि विकणाऱ्याबद्दल लेखात एक ओळही नाही? माझ्या ओळखीतल्या एकाने असं लोनसकट घर दिलं पण जबाबदारीतून मोकळं केल्याचं बँकेचं पत्र काही घेतलं नाही, नव्या मालकाने हप्ते थकवले तर नोटिसा यालाच, आता स्वतःसाठी लोन काढायला गेला की हे जुनं अजून याच्याच नावावर दिसतंय.