‘डाळी बंद’ म्हणणाऱ्या यादीत डांबरगोळ्या का नाहीत?

बाळाच्या तपासणीत जी-सिक्स-पीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता निघाली की पाठोपाठ व्हॉट्सॲपवरून एक यादी घरी येते. तिचा आशय असा: सगळ्या डाळी, कडधान्यं, सोयाबीन, शेंगदाणे आयुष्यभर बंद, वाल-पावटा तर हातही लावायचा नाही, पॅरासिटामॉल चालत नाही, हा दोष मुलग्यांचाच, मुलींना त्रास नाही, आणि तपासणी नॉर्मल आली की विषय संपला. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि खरे धोके यादीत आलेलेच नाहीत.

आधी डाळी. तांबड्या पेशीवर ऑक्सिडीकरणाचा मारा सतत होत असतो. त्यातून तिला वाचवणारं ग्लुटाथायोन पुन्हा पुन्हा ताजं करायला एनएडीपीएच नावाचं सहायक द्रव्य लागतं, आणि ते या पेशीला जी-सिक्स-पीडी ज्या मार्गावर काम करतं त्याच मार्गानं मिळतं. हे एन्झाइम अपुरं असलं आणि मारा अचानक वाढला, तर हिमोग्लोबिन बिघडतं आणि पेशी फुटतात. म्हणून पदार्थ द्विदल आहे की नाही हे बघून उपयोग नाही. मारा करणारं रसायन त्यात आहे का, हे बघायचं. व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन ही तशी द्रव्यं बाकला (इंग्रजीत ‘ब्रॉड बीन’) या कडधान्यात भरपूर असतात. तूर, मूग, मसूर, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा यांवर बंदी घालायला आधार नाही. शाकाहारी घरात वाढत्या मुलाची डाळ तोडली तर प्रथिनं कुठून आणणार?

वाल-पावट्यावरचा आळ भाषांतरातून आला असावा. इंग्रजी याद्यांतल्या ‘ब्रॉड बीन्स’ म्हणजे बाकला, शास्त्रीय नाव व्हिसिया फाबा. मराठीत आणताना कुणी त्याचे वाल केले, कुणी पावटा, कुणी घेवडा. वाल आणि पावटा लॅबलॅब या वेगळ्या वनस्पतीचे, श्रावणघेवडा राजम्याच्या जातीचा. डाळिंब्यांची उसळ किंवा वालाचं बिरडं या कारणासाठी बंद करायची गरज नाही. आपल्याकडे बाकला रोजच्या स्वयंपाकात नसतो, म्हणूनच तो नकळत पोटात जातो: तळलेल्या खारवलेल्या दाण्यांच्या पाकिटातून, तयार मिश्र फरसाणातून. आखाती देशांत राहणाऱ्यांनी ‘फूल’ (शिजवलेल्या बाकल्याचा पदार्थ) आणि फलाफल (तळलेले वडे) या दोन पदार्थांबद्दल विचारूनच खावं. इजिप्शियन पद्धतीचं फलाफल बाकल्याचंच असतं. भिजवून, उकडून किंवा भाजून तो सुरक्षित होईल यावर विसंबू नये. अंगावर पाजणाऱ्या आईनंही तो टाळावा.

पॅरासिटामॉलबद्दलची भीती जास्त घातक आहे. नेहमीच्या मात्रेत ते या मुलांना देता येतं: दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान ४ ते ६ तास, दिवसात ४ मात्रांपेक्षा जास्त नाही. चूक होते ती सिरपच्या बाटलीत. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या बाटलीत २५०. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ मिली. ताप अंगावर काढणं तर चुकीचंच, कारण पेशी फुटण्याचं सर्वांत नेहमीचं कारण औषध नव्हे, संसर्ग असतो. न्यूमोनिया किंवा कावीळ झाली असेल आणि घरचे औषध देऊ की नको यातच अडकले असतील, तर नुकसान मुलाचं होतं.

नक्की टाळायची औषधं वेगळी आहेत: डॅप्सोन, नायट्रोफ्युरान्टॉइन, रासबुरिकेस, मिथिलीन ब्लू, टॅफेनोक्वीन आणि प्रायमाक्वीन. या प्रायमाक्वीनवरच्या संशोधनातूनच १९५६ मध्ये हा एन्झाइमदोष ओळखला गेला. व्हायव्हॅक्स मलेरिया यकृतात दबा धरून राहतो, तो निपटायला प्रायमाक्वीन १४ दिवस रोज देतात. कमतरता असलेल्यांना रोजचा डोस नको; दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, असा पर्याय आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आता डांबरगोळ्या. बाळंतविड्याची दुपटी, झबली, टोपरी महिनोन्‌महिने ट्रंकेत नॅप्थालीनच्या गोळ्यांसोबत ठेवतात आणि बाळ आलं की तशीच काढून गुंडाळतात. नॅप्थालीन श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. ते तेलात विरघळतं, म्हणून तेल लावलेल्या अंगात आणखी सहज शिरतं. नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं, पेशी फुटल्या की बिलिरुबिन हे काविळीचं पिवळं द्रव्य झपाट्यानं चढतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या गोळ्या घरातच नकोत. आधीच ठेवले असतील तर ते कपडे बाळाला वापरू नका. पुढे ठेवायचे ते स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून, सुक्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा. बाळाच्या तळहाताला मेंदीही लावू नये. तिच्यातल्या लॉसोन या रंगद्रव्यामुळे अशा बाळांच्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत.

‘मुलींना होत नाही’ हेही अर्धवट. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलग्यांत हे जास्त दिसतं. पण एक सदोष प्रत असलेल्या मुलीच्या काही पेशी निरोगी, काही कमजोर असतात, आणि कमजोर जास्त असल्या तर तिलाही पेशी फुटण्याचा झटका येतो. फक्त हो-नाही सांगणारी चाचणी अशा मुलींना नॉर्मल ठरवू शकते. त्यांच्यासाठी एन्झाइमचं प्रमाण आकड्यात मोजणारी चाचणी मागा.

नॉर्मल रिपोर्टनं फसण्याची आणखी एक वेळ म्हणजे झटक्यानंतरचे दिवस. जुन्या, कमजोर पेशी फुटून गेलेल्या असतात. उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. साधारण ३ महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी.

लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, चेहरा पांढुरका पडला, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. बाकल्यानंतर हे बहुधा २४ ते ४८ तासांत दिसतं, औषधानंतर १ ते ३ दिवसांत. मागच्या ३ दिवसांत दिलेल्या औषधांच्या पट्ट्या आणि खाल्लेल्या पदार्थाचं पाकीट सोबत न्या. पैशांच्या पाकिटात एक कार्ड कायम असू द्या: नाव, रक्तगट, ‘जी-सिक्स-पीडी कमतरता’, आणि वरच्या सहा औषधांची नावं इंग्रजीत, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारावं लागणार नाही.