हजेरीला नुसता हात वर करणारी पोरगी

१५ जूनला लेक तिसरीत गेली, आमच्या गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा. घरात तोंडाचा पट्टा चालू, आणि शाळेत हजेरीला साधं "हजर" सुद्धा म्हणायची नाही, नुसता हात वर. आम्ही पण चुकत होतो, पाहुणे आले की तिच्यादेखत सांगायचो, लाजाळू आहे हो फार. वाईट वाटतं आता.

बाईंनी जुलैत तिला एकच काम दिलं, परिपाठाच्या आधी फळ्यावर तारीख, सुविचार आणि दिनविशेष लिहायचा. बोलायचं काहीच नाही. मग काय, आदल्या रात्रीच वहीत लिहून तयार आणि सकाळी घंटा व्हायच्या आधी शाळेत. गणपतीनंतर बाई म्हणाल्या, लिहितेस तूच तर वाचून पण दाखव. तर ही मुलांकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून वाचायची, आणि बाईंनी तसंच चालू दिलं, इकडे बघ, मोठ्याने बोल असं एकदा पण म्हणाल्या नाहीत, दिवाळी होऊन गेली तरी नाही. मग एक दिवस पहिलीतल्या एका पोराने मागून विचारलं, ताई दिनविशेष म्हणजे काय, आणि त्याला सांगायला म्हणून ही वळली ती वळलीच.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषण केलं तिने. १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जन्म, इथपर्यंत नीट आलं आणि मग अडकली. माझा जीव नुसता वरखाली. तिने शांतपणे फळ्याकडे बघितलं, सकाळी स्वतःच लिहिलेलं होतं ना, तिथून १८४८ सालची पुण्यातली मुलींची शाळा उचलली आणि पुढे बोलत गेली. मला रडूच आलं.

माझं स्पष्ट मत आहे, सुट्टीतल्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला पैसे भरण्याआधी आपल्या शाळेत परिपाठ कसा होतो ते एकदा जाऊन बघा. कितीतरी ठिकाणी वर्षभर तीच चार हुशार मुलं पुढे असतात, बाकीची रांगेत उभी राहून पाय बदलत बसतात. पालकसभेत मार्कांचं विचारतो तसं माझ्या मुलाची पाळी कधी येते हे पण विचारा, आणि पाळी म्हणजे लगेच माईकच हातात द्यायला पाहिजे असं नाही, खडू दिला तरी चालतो.

परवा लेक म्हणाली, आई, दुसरीतला एकजण पण हजेरीला नुसता हात वर करतो, पुढच्या वर्षी फळा त्याला देऊया असं बाईंना सांगशील का? म्हटलं, तूच सांग की. दुसऱ्या दिवशी सांगून आली.